खुंट

बाबांनी ॲस्पेनचं ते झाड दोन वर्षं नुसतं पाहिलं,
तिसऱ्या थंडीत कुऱ्हाड लावली.
त्याआधी सालीला कान लावून बसले होते;
आतून कुजलेलं झाड
दाराआडून बोलणाऱ्या माणसासारखं वाजतं, म्हणत.

मग वाकस. मग बाहेरून ठोकलेल्या
बोटाच्या पेराएवढ्या खुंट्या, काळ्या ओकच्या.
आतून कोरत जायचं,
काळा ठिपका दिसला की थांबायचं.
ठिपक्याच्या पलीकडे नदी.
उर्मासला नि मला तेवढंच काम:
ठिपका दिसला की ओरडायचं.
मी एकदा उगाच ओरडले.
त्या दिवशी त्यांनी पुन्हा वाकस हातात धरली नाही.

मे महिन्यात जाळावर धरून, आत गरम पाणी ओतत
ती रुंदावत नेली, इंच इंच.
लाकूड कण्हलं.
आईने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

पूर आला की आमची हालिस्ते नदी राहत नाही.
कुरणं, कुंपणं, पोस्टमनची वाट, जंगलाची पावलं,
सगळं एकच पाणी.
आम्ही त्याला पाचवा ऋतू म्हणतो
आणि होड्या खाली काढतो.
बाबांची नजर गेली त्या वर्षी
उर्मास नि मी निघालो, पर्नूपर्यंत, समुद्रापर्यंत.
त्यांनी स्वतः तिला कधी गिरणीच्या पुढे नेली नव्हती.

दुसऱ्या रात्री उंचवट्यावर गवताचं कोठार सापडलं.
गाठ मी मारली.
हे मुद्दाम लिहिते,
कारण उर्मास अजूनही सांगतो की त्याने मारली,
माझ्यासाठी सांगतो.

गाठ सुटली नाही.
खुंटच गेला.
सकाळी कुंपणाच्या जागी एक भोक होतं
आणि त्यात पाणी गोल फिरत होतं, सावकाश,
चहात साखर ढवळावी तसं.
दोर, खुंट आणि डोणी,
तिघं एकमेकांना धरून गेली.

मागे राहिलं वल्हं, दाराला अडसर म्हणून लावलेलं.
एक किटली.
उर्मासचा एक बूट; दुसरा डोणीत होता.
रस्ता लागेपर्यंत तो शिव्या देत चालला, डाव्या पायाने.

घरी बाबा बियाण्याचे बटाटे चाचपत होते,
कोंबावर अंगठा ठेवून.
सगळं ऐकलं. मग विचारलं:
"नाळ पुढे होती का?"
मी पाहिलंच नव्हतं.
"होती," म्हटलं.
"मग जाईल," म्हणाले,
आणि पुढचा बटाटा घेतला.

जूनमध्ये खालच्या गावातून साल्मेचा फोन:
पूर ओसरला, तर सफरचंदांच्या दोन झाडांमध्ये
एक डोणी अडकलेली, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात.
आम्ही बाबांना घेऊन गेलो. वल्हंही घेतलं.

त्यांनी आतून तळवा फिरवला,
नाळेपासून मागपर्यंत, पुन्हा नाळेपर्यंत.
बोटं ठिपके शोधत होती.
डोळ्यांना न दिसणारा रंग बोटांना कसा कळणार,
असं मला वाटलं; पण खुंटीची कड कळते.
"खुंट्याच नाहीत," म्हणाले. "अंदाजाने कोरलीय.
आणि जाड. कुणा भित्र्याची."

तरी आत जाऊन बसले,
गवतात, गुडघे वर घेऊन,
माझ्याकडून वल्हं मागून मांडीवर आडवं ठेवलं.
साल्मेने रुबार्बचा केक आणला.
दोन तुकडे त्यांनी तिथेच खाल्ले,
दुसऱ्याच्या डोणीत बसून, तोंड उन्हाकडे करून.

"मग हिचं काय करू?" साल्मेने विचारलं.
"येईल कुणी शोधत.
तोवर सावलीत ठेव.
आणि आत पाणी घालत जा, कोरडी पडली तर तडकेल."

ते गाडीत बसेपर्यंत मी विहिरीवरून
एक बादली आणून ओतली.
कोंबड्या ओरडत पळाल्या.
मग आणखी एक ओतली.