ताकही नाही

साडेचारला जाग येतेच.
दुकान सोडून दोन वर्षं झाली, शरीराला कुणी कळवलं नाही.
खिडकीबाहेर डुलुथ अजून काळोखात,
सरोवरावर बर्फाचे उरलेसुरले तुकडे एकमेकांवर घासतात,
कुणी न्हाणीत घमेलं घासत बसावं तसे.

ओट रात्रीच भिजवलेत.
फार पिळू नका, असं पाकिटावर लिहिलंय.
मी फार पिळते. दूध बुळबुळीत होतं.

फ्रिजवर डॉक्टर ओस्टबींचा कागद:
लोणी, साय, अंडी, साखर, चारही शब्दांवर काट.
खाली ऑरिननं पेन्सिलीनं लिहिलंय, "मग उरलं काय?"
उरलं ते ओट्यावर मांडलंय.
कणीक. खजूर गरम पाण्यात.
शेजारच्या डकोटातलं जवस, कुटून भिजवलेलं;
दहा मिनिटांनी त्याला तार येते,
चमच्यावरून अंड्यासारखं लोंबतं,
घाईतला माणूस फसेल.

पहिल्या खेपेला दगड झाले.
बहीण म्हणाली, एक दाराला लाव, वाऱ्यानं आपटतं ते.
दुसऱ्या खेपेला खजूर जास्त, आतून चिखल.
तिसऱ्याला चिडून केळं घातलं
आणि घरभर केळंच झालं.
चौथ्या खेपेचं ऑरिननं खाल्लं,
तीन घोट पाण्याबरोबर, एक शब्द न बोलता.

त्याला ते दुकानातलं हवंय.
ब्लूबेरीचं स्कोन, वर जाड साखर,
कागदी पिशवीला लोण्याचा डाग.
बोटीवरून उतरला की तडक यायचा,
बुटांना लोहखनिजाची लाल भुकटी,
मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?
ते स्कोन मी करत नव्हते. तिथं कुणीच करत नव्हतं.
पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायचे, बहात्तर नग,
गोठून खडखडणारे,
मी नुसते भट्टीत सरकवायचे.
काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचे, "आज सकाळी, हातानं",
शेजारी एक गव्हाची लोंबी काढायचे.
अक्षर माझं चांगलं आहे.
माझ्या हातचं त्यात तेवढंच.

दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे.
माझ्याकडे ताकही नाही,
आणि ते दूध तरी कुठे दूध होतं?

ऑरिनला हे सांगायचं राहून गेलं.
आधी नोकरी होती, मग लग्न झालं,
मग त्याच्या छातीत तारेची इवली जाळी बसवली,
त्या आठवड्यात स्कोनचं कोण काढतं?

पाचवी खेप.
ऑलिव्हचं तेल फ्रीझरमध्ये गोठवून चमच्यानं खरवडते,
कणकेत बोटांच्या टोकांनी चुरते, वितळायच्या आत.
ब्लूबेरी ऑगस्टातल्या, जुन्या रुळांकडेच्या,
आम्ही दोघांनी वेचलेल्या.
तो दोन वेचून तीन खायचा.
पीठ जागोजागी जांभळं होतं, मार लागल्यासारखं.
मीठ घालायचं हे सारखं मनात घोकते.

वास वर पोचला तसा तो जिन्यावर आला,
कठडा धरून, पायरीगणिक थांबत.
बसायच्या आधीच मी सांगून टाकलं:
खोकी, बहात्तर, खडू.
पुलाखाली मोसमातली पहिली बोट भोंगा देत होती,
एक लांब, दोन आखूड.
तो संपेपर्यंत ऑरिन थांबला.

"ठाऊक होतं," म्हणाला.
"बोटीवरच्या स्वयंपाकघरात तीच खोकी यायची."

"मग रोज कशाला यायचास?"

त्यानं बुटाकडे पाहिलं. बूट नव्हता, सपाता होत्या.

मी ताटली उचलली,
आणि सवयीनं तोंडून गेलं,
"इथेच, की बांधून देऊ?"

"इथेच," म्हणाला.
एका कडेनं करपलेलं होतं तेच घेतलं,
बराच वेळ चावत राहिला,
आणि दुसऱ्या घासाला:
"मीठ विसरलीस."