कोरी जागा

आमच्या भाषेत त्या दुखण्याचं नाव आहे
‘दुकानखिडकीचे पाय’.
दोनशे पावलं चाललं की पोटरी आवळते,
माणूस थांबतो, आणि थांबलाय हे कळू नये म्हणून
काचेतल्या वस्तू बघत राहतो.
माझे वडील, हार्मेन, ग्रोनिंगेनच्या गल्ल्यांतून
असे कित्येक महिने बघत होते
दिवे, चीज, श्रवणयंत्रं,
एकदा तर नवरीचा झगा, पावणेचार मिनिटं.
मी घड्याळ लावलं होतं.

मग डॉक्टरांनी मांडीच्या धमनीत फुगा घातला.
फुगवला. रस्ता मोकळा.
पण फुगा म्हणजे काही फुंकर नव्हे:
आतलं अस्तर सोलवटतं,
लवचीक पडदा तडकतो,
आणि वर्षानुवर्षं भिंतीत मुकाट पडलेल्या पेशींना
हाक जाते.

वडिलांना हे सांगणं सोपं होतं.
चाळीस वर्षं त्यांनी रस्ते केले,
म्हणजे गुडघ्यांवर बसून वाळूत विटा मांडल्या,
चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय,
कारण खाली नळ फुटला
तर रस्ता उकलता आला पाहिजे.
“सिमेंट ओतणारा,” ते म्हणायचे,
“परत यायचंच नाही असं ठरवून ओततो.”

तर पेशींनाही आधी उकलावं लागतं.
चहूबाजूंनी कोलॅजनचा गोफ, जाळ्यावर जाळं,
वाट नाही.
मग त्या पाझरवतात कात्र्या,
तोंडावर झाकण असलेल्या,
पोटात जस्ताचा एक अणू जपणाऱ्या.
झाकण उडालं की चालायला लागतात:
एक टाका उसवला, एक पाऊल.
पुन्हा टाका.
उसवत उसवत पुढे सरकते दुरुस्ती.

प्रयोगशाळेत, रात्री,
जिलेटिन कालवलेल्या तळहाताएवढ्या जेलमध्ये
मी उंदराच्या धमनीचा अर्क चालवते,
सदतीस अंशांच्या उबेत झोपवते,
सकाळी निळ्या रंगात बुडवते.
सगळं निळं होतं.
फक्त जिथे त्यांनी खाल्लं, तिथे कोरं.
जखमेच्या पहिल्याच दिवशी वर एक पट्टा,
चौथ्या-पाचव्या दिवशी खालचा रुंदावत जातो.
इतरांच्या कामात डाग म्हणजे उत्तर,
माझ्या कामात डाग न पडणं.
“विट्स्के,” वडील म्हणतात,
“तुला पगार मिळतो तो भोकांचा.”

सहा महिन्यांनी ते परत काचेसमोर.
या वेळी छत्र्या.
“कोणी बुजवलं गं?”
दुरुस्तीला आले होते त्यांनीच.
वाट उसवून आत शिरले आणि गेलेच नाहीत,
तिथेच वाढले, तिथेच पिलावळ.
“मग कात्र्या काढून घ्या त्यांच्या.”
सगळ्या काढल्या तर गुठळीसुद्धा विरघळायची नाही,
जखम तशीच.
मोकाट सोडल्या तर भिंत पातळ होऊन फुगते,
एखाद्या सकाळी फुटते.
शरीर मागोमाग पाठवतंच आवरणारे,
एका कात्रीला एक, तोंडात बोळा.
कधी वेळेवर, कधी उशिरा.
उशीर का होतो, मला ठाऊक नाही.
बारा वर्षं झाली.

ते छत्र्यांकडेच बघत होते.
किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होते बहुतेक.
“आमच्यात शेवटी एकजण वाळू झाडायचा,
फटी भरेपर्यंत.
भरल्या की झाडू खांद्यावर, चालता हो.
तसा माणूस मिळायचा नाही सहज.
सगळ्यांना अजून थोडं करायचं असतं.”
मग पोटरी सैल झाली असावी. चालायला लागले.

काल घरी जाताना आमच्याच गल्लीत
लाल-पांढरी फीत, खड्डा,
पदपथावर विटांचा ढीग, एकीवर चहाचा मग.
मी सायकलवरून उतरले,
कडेकडेनं चालत गेले.
बेकरीच्या काचेत
माझ्या बोटांची टोकं
अजून निळी दिसत होती.