बोटापासून नाकापर्यंत

डोळे मिटा, परीक्षक म्हणाली,
आणि बोट नाकाला लावा.

माझं बोट गालाला लागलं.
पुन्हा. या वेळी कानाच्या पाळीला.
तिनं कागदावर काहीतरी लिहिलं
आणि मला शाळेतल्यासारखं तिच्या हाताआडून
डोकावून बघावंसं वाटलं:
पुरेसं चुकले ना मी?

इथे जितकं चुकाल तितके तुम्ही इथले.
मातान गावात, जिथे नदी इतकी रुंद
की लोक तिला समुद्रच म्हणतात
आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवतात,
तिथल्या हॉकीच्या हॉलमध्ये,
उन्हाळ्यापुरता बर्फ काढलेल्या उघड्या सिमेंटवर
मी, ओदील लब्रासर, वय बत्तीस,
चुकण्याची परीक्षा देत होते.

गेल्या वर्षी टी-टू मिळालं होतं.
या वर्षी टी-वन.
टी-वन! सोलांज ओरडली, आता तू पहिली येशील,
आणि मग तिच्या लक्षात आलं ती कशाला टाळ्या वाजवतेय.
पार्किंगमध्ये बराच वेळ ती
चाकांतली हवा तपासत राहिली.

*

तीन अक्षरं आहेत. सगळ्यांच्याच रक्तात असतात,
आठदा, दहादा.
माझ्यात ती कुणी आठशे वेळा गिरवलीत,
पाटी झिजेपर्यंत.
एक पाटी आईकडची, एक बाबांकडची.
दोघांची घराणी चर्चच्या वहीत
सात पिढ्या मागे एका बाईपाशी भेटतात.
अकरा मुलं, त्र्याहत्तर वर्षं, मृत्यू झोपेत.
तिला काहीच झालं नसणार.
टपाल पोचवणाऱ्याला
पाकिटात काय आहे ते कुठे ठाऊक असतं.

सोलांजला तीच आई, तेच बाबा.
तिनं तपासून घेतलेलं नाही.
मी विचारत नाही.

डॉक्टर म्हणतात, पेशींमध्ये लोखंड साचत जातं.
रेजांमामा म्हणाला, मग गंज चढायच्या आत चालव,
आणि मासेमारीच्या बोटी डागणाऱ्या हातांनी
त्यानं माझी पहिली तिचाकी जोडली.
ब्रेकच्या दांड्याला जाळं ओढायच्या कप्पीचा तुकडा होता.
अजून कोळंबीचा वास यायचा.

*

पायी चालले की लोक म्हणतात, सकाळीच प्यायलीय.
बोलले की म्हणतात, पुन्हा सांगा.
तिचाकीवर कुणी काही म्हणत नाही,
वारा सोडून.
वारा नदीवरून आडवा येतो
आणि वळणावर मी अख्खं अंग आत टाकते,
आतलं चाक उचललं जाऊ नये म्हणून
जवळजवळ रस्त्याला कान लावते.
डांबराला उन्हाचा वास होता.
एका घराच्या ओट्यावर एक म्हातारा
पाय बादलीत सोडून बसला होता, त्यानं बादलीसकट हात केला.
म्हणजे, करायला गेला. पाणी सांडलं.

हृदयाला मर्यादा दिलीय: एकशेसाठ.
त्याच्या भिंती जाड होत चालल्यात,
घर मोठं वाटतं, आत जागा कमी.
शेवटच्या किलोमीटरला सोलांज
खडूनं लिहिलेली फळी धरून उभी.
हेडविग पुढे, नऊ सेकंद.
घड्याळात एकशे अठ्ठावन्न. एकोणसाठ.
हेडविगच्या पाठीवरचा घामाचा डाग दिसत होता,
स्वीडनच्या नकाशासारखा लांबट.
एकशेसाठ.
घड्याळ वाजलं.

मी पाय सैल सोडले.

चार सेकंदांनी दुसरी आले.
ते चार सेकंद कुठे ठेवलेत
ते मला ठाऊक आहे.

*

संध्याकाळी धक्क्यावर सोलांजनं
कागदात गुंडाळलेल्या तळलेल्या कोळंब्या आणल्या.
पदक तिच्या गळ्यात, मला मान जड होते म्हणून.
पाण्यावरून एक बोट आत येत होती.
वारा तिला डावीकडे ढकलायचा, ती थबकायची,
नाक फिरवायची, पुन्हा निघायची,
पुन्हा डावीकडे.

चुकली, सोलांज म्हणाली.

थांब, मी म्हटलं.
तिला दोनदा कळलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं,
थांब.
येतेय ती.