तडतड

बाटली बिअरची. आत खत, रॉकेल,
काडेपेटीच्या गुलाची चिमूट, वर वात.
वात तोंडातल्या विडीला लावायची,
दोन आकडे मोजायचे आणि फेकायची.
काहारू तीनपर्यंत मोजायचा.
तो आता नाही.
मी दोनवर फेकायचो, म्हणून मी आहे.
एकदाच वात आखूड निघाली,
तेव्हाची डाव्या हाताची दोन बोटं सोडून,
आणि कान सोडून.

मी जन्मलो तेव्हा बापाने माझी वार
करवंटीत घालून खडपावर नेली
आणि पोवळ्याच्या एका कपारीत सोडली.
आम्हा बाजोंकडे सगळ्यांचंच असं.
आई म्हणायची, तो तुझा थोरला,
तुझ्याबरोबर आला आणि खाली राहायला गेला.
पाण्यात उतरशील तेव्हा आधी त्याला हाक मार.
मी मारायचो हाक. न चुकता.
आणि मग बाटली फेकायचो.

लहानपणी होडीच्या तळाला कान लावून झोपायचो.
खालून आवाज यायचा,
नारळाच्या कढत तेलात ओला मासा सोडावा तसा,
तडतड, तडतड, रात्रभर.
खालच्या घरी अजून जेवणं व्हायची आहेत, आई म्हणायची.
पुढे कळलं, ती कोळंबी.
पेराएवढी, एक नांगी अंगाला न शोभणारी,
ती मिटते त्याचा फटाका.
मधूनच कुरकुर ऐकू यायची, ती पोपटमाशाची.
दगड खातो आणि मागून पांढरी वाळू सोडतो.
आमच्या सगळ्या किनाऱ्याचं मूळ तेच,
आणि बायका त्याच्यावरच चटई टाकून कसावा वाळवतात.

स्फोटाचे मासे बाहेरून अख्खे असायचे.
दाबलं की आत काटा पिचलेला.
वांगीवांगीच्या बाजारात बायका ओळखायच्या,
नाक मुरडायच्या, भाव पाडायच्या,
आणि घ्यायच्या.
जुमिनाच्या शाळेचे बूट त्यातलेच.

मग खाली नुसता चुरा उरला.
लग्नघरात कपबशांची टोपली पडावी तसा.
वाहत्या पाण्यात तो लोळत राहायचा,
त्याच्यावर काही धरत नव्हतं.
गोबरा गेला, शेवंडी गेल्या,
समुद्रफुलातला तो भांडकुदळ नारिंगी मासा
फूल गेल्यावर दोन दिवस तिथेच फिरत होता.
समुद्र आधी गप्प झाला
की माझे कान आधी गेले,
मला नक्की सांगता येत नाही.

जुमिना लोखंडी गजांचे सांगाडे घेऊन आली.
त्याला वाळू फासलेली, कोळ्याच्या पायांसारखे पाय.
पोवळ्याचे मोडके तुकडे ती त्याला पट्ट्यांनी बांधायची,
श्वास धरून, एका बुडीत चार.
मी म्हटलं, दगडाला कुंपण घालतेस?
ती काय म्हणाली ते तिलाच ठाऊक.

वर आली की होडीला धरून
माझा डावा हात ओढून घ्यायची.
खाली जे ऐकलं ते तळव्यावर वाजवायची.
पहिल्या वर्षी नुसतीच मूठ मिटून परत द्यायची.
दुसऱ्या वर्षी एक टिचकी.
खूप वेळाने आणखी एक.
मी म्हटलं, उगाच म्हाताऱ्याचं मन राखू नकोस.
ती चिडली, तीन दिवस बोलली नाही,
म्हणजे ओठ हलवले नाहीत.

आज पाणी निवळ होतं.
ती खूप वेळ खाली राहिली, मी दोरी आवळून बसलो.
वर आली ती ओठ निळे, दात वाजत,
आणि दहाही बोटांनी वाजवत सुटली,
तळव्यावर, मनगटावर,
बोटं नाहीत त्या जागेवरसुद्धा.
तिथे अजून लागतं.
मी हात काढून घेतला. पुरे, म्हटलं.

मग विचारलं,
उतरताना त्याला हाक मारलीस?
तिने काहीतरी उत्तर दिलं.
ऊन तिच्या पाठीमागे होतं,
ओठ दिसले नाहीत.