विषय क्रमांक सात

विषय सहा, पाण्याची टाकी. विषय आठ, कबुतरांची जाळी.
मधे हा सात:
'उपविधीत दुरुस्ती. सोसायटीचे सभागृह लग्नासाठी द्यायचे ते
एक पुरुष व एक स्त्री असेल तरच.'

नेरूळ, सेक्टर अठरा. रविवार, प्लास्टिकच्या खुर्च्या,
गणसंख्येची वाट बघून थंड झालेले बटाटेवडे.
इतिवृत्त मी लिहिते, अक्षर बरं आहे म्हणून.
मत नाही मला. फ्लॅट ह्यांच्या नावावर.

सातशे चारमधल्या उन्मेषा गुप्ते आणि लतिका ढोके
शेवटच्या रांगेत.
त्यांनी अर्ज केला होता सभागृहासाठी, आमच्या परवानगीसाठी नाही:
बावीस तारीख, संध्याकाळी पाच ते नऊ,
अनामत पाच हजार, चेक सोबत.
चेक अजून माझ्या फायलीत आहे. टाचणीला गंज धरेल.

सेक्रेटरी म्हणाले, माझं व्यक्तिशः काही नाही,
पण लोकशाही आहे, सगळ्यांना विचारू.
धामणस्कर म्हणाले, मुलांवर परिणाम होतो.
मुलं खाली त्या दोघींच्याच पंपानं
सायकलीत हवा भरत होती.

लतिका उठली. एवढंच विचारलं,
'तुमच्या लग्नाला किती मतं पडली होती?'
कुणीतरी हसलं. मग नुसता पंखा.

मला ठाण्याची ती काच आठवली.
त्र्याऐंशी साल. विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर
कुलूपबंद पेटीत आमची नोटीस:
मी करावे गावची, आगऱ्यांची; हे सोलापूरचे लिंगायत.
तीस दिवस. जमेल तेव्हा जाऊन बघायची,
कुणी हरकत घेतली का.
कारकून शेंगा सोलत म्हणाला, ताई, हरकतीला कारण लागतं.
आधीचं लग्न, कमी वय, वेड, जवळचं नातं.
'आम्हाला बघवत नाही' असा रकाना नाही यात.

बाबांनी अख्खा गाव आणला असता,
हजार अंगठे उमटवले असते.
उमटवायला जागाच नव्हती त्या कागदावर.
त्या नसलेल्या रकान्यात मी चाळीस वर्षं संसार केला.
ह्या दोघींची नोटीस लावायला अजून काचसुद्धा नाही.

जास्त कोण आणि कमी कोण, हे आम्ही आधीही मोजून घेतलंय.
मिठागरं गेली तेव्हा शहर मोठं होतं,
आम्ही मूठभर. मिठाएवढे.

हात वर करा, म्हणाले.
एकसष्ट हजर, एक्केचाळीस हवे.
मी पेन्सिलीनं रेघा मारत गेले, खुर्ची खुर्ची करत.
तिसऱ्या रांगेत ह्यांचा हात कानापर्यंत गेला
आणि तिथंच राहिला.
सेक्रेटरींनी तो धरला.
चव्वेचाळीस.

घरी म्हणाले, कान खाजवत होतो गं.
तो हात वगळला तरी त्रेचाळीस होतात, ठराव झालाच असता.
मी हिशेब करून पाहिला. दोनदा.
ताट वाढलं, आणि माझं झाकून ठेवलं.

सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला
दरवर्षीसारखी उन्मेषाच थांबली होती.
एकात एक घालून बारा-बारांचे ढीग.
धामणस्करांची पिशवी राहिली होती खाली,
ती तिनं वर नेऊन दिली.

इतिवृत्त पक्कं केलं: 'ठराव बहुमताने संमत.'
शेवटची ओळ नेहमीचीच:
'हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी.'
आपल्या जिन्याखालीही काचेचा फळा आहे,
किल्ली माझ्याकडे असते.
कुलूप लावायच्या आधी आत आणखी एक कागद टाचला:

'हरकत. हात मी मोजले, मोजणी बरोबर आहे.
मोजायची गोष्ट नव्हती ही.'

खाली सही केली, सुगंधा पोशा मढवी.
खूप वर्षांनी लिहिलं हे नाव.
ठाण्याच्या काचेत तीस दिवस हेच होतं.