शून्य लावणे

काटा तपासायचा तर आधी
ताटली रिकामी करावी लागते.
पंखा बंद, खिडकी बंद,
श्वासही जरा बाजूला सोडायचा.
मग बघायचं, अंगावर काही नसताना
तो काय म्हणतो.

रबाळ्याच्या त्या गार खोलीत
एकोणीस वर्षं मी हेच विचारत आले
प्रेशर गेजना, थर्मामीटरना,
औषध कंपन्यांच्या नाजूक तराजूंना.
उत्तर वहीत लिहायचं, सही करायची,
हिरवा स्टिकर चिकटवायचा :
पुढची तपासणी अमुक तारखेला.

माझी निघाली एका गुरुवारी,
दुपारी सव्वातीनला.
टेबलावर पाण्याच्या बाटल्या, कुणीच न उघडलेल्या.
"विभाग पुण्याला हलतोय, मॅडम,"
म्हणाला तो पोरगा, ज्याला मीच शिकवलं होतं
की वजन बोटांनी धरू नये, घाम लागतो.
त्याचा आवाज किंचित हलत होता.
सवयीने मी मनात नोंद केली.
आम्ही अकरा जण. निखार्गे रडले, मला जमलं नाही.
ड्रॉवरमधून छत्री काढली, लिमलेटचं अर्धं पाकीट,
आणि चिमटा.
चिमटा माझा स्वतःचा होता.

पुढे कितीतरी दिवस ऐरोलीच्या घरात
सहाला उठून डबा भरत राहिले
आणि साडेबाराला मीच तो उघडून खाल्ला
ओट्याशी उभी राहून.
शेजारच्या सुलभाला सांगितलं, रजा साठली होती.
प्रमोद काही बोलला नाही.
फक्त दुधाची पिशवी
अर्ध्या लिटरची आणू लागला.

दिवा कोळीवाड्यात पाव किलो कोळंबी घेतली
तर हात म्हणाला, दोनशे ऐंशी.
"मावशी, तुमचा काटा तुम्हालाच फसवतोय."
ठमाबाई मढवी इतकी हसली
की शेजारणीने सुरी खाली ठेवली.
"मला? आसा काटा बाजारान कुठं मिलतंय गो?"

मी खाली बसले. ओल्या फरशीवर, चांगल्या साडीत.
रिकाम्या ताटलीवर शून्य बरोबर येत होतं,
वजन ठेवलं की चूक.
म्हणजे मध्ये काहीतरी अडकलेलं.
विचारलं तर सगळं ठीक सांगणारं,
भार आला की थोडा गिळून टाकणारं.
ताटली उचलली.
खाली मिठाचा पापुद्रा
आणि एक खवलं, कधीचं, काचेसारखं कडक.
पर्समधून चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईच्या जावेचा काटा आला,
मग बर्फवाल्याचा,
मग घणसोलीचा एक भंगारवाला, ज्याला
काटा दुरुस्त हवा होता, पण फार नको.
त्याला परत पाठवलं.
तिथेच पहिल्यांदा वाटलं, हे काम आहे.

वैधमापनच्या ऑफिसात सात चकरा.
शिक्का त्यांचा, दुरुस्ती माझी, परवाना दोघांच्या मध्ये.
कंपनीने दिलेल्या पैशातून वजनांची पेटी घेतली.
आत मखमल, लाल.
घरी आल्यावर प्रमोदने ती दोनदा उघडली,
दागिन्यांची असल्यासारखी मिटली.

पगाराच्या निम्मेही सुटत नाहीत अजून.
काही महिने तर तेवढेही नाहीत.
पिशवी अर्ध्या लिटरचीच येते,
आणि रात्री कधीकधी त्या गार खोलीचा
विशिष्ट गुणगुणता आवाज आठवतो,
तेव्हा उठून पाणी पिते.

पण डबा आता ठरलेल्या वेळी उघडतो,
ठमाबाईच्या पाटीशेजारी.
ती न विचारता बोट बुडवते भाजीत,
क्षणभर डोळे मिटते,
आणि म्हणते, "मीट कमी हाय गो."

तिच्या जिभेचं शून्य
कुणी लावलंय कोण जाणे.
मी घरी येऊन तपासलं.
कमीच होतं.