पितळ

त्या बेटावर माझं काम पाट्या पुसायचं.
एकच निळं दार, जेमतेम खांद्याएवढं,
आणि दाराशेजारी भिंतभर पितळ,
चारशे बारा कंपन्या.
आत तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी.

साहेब डबीतलं पॉलिश द्यायचे. मी ते विकून टाकायचो
आणि आमसुलं भिजत घालायचो,
रुकय्यानं, माझ्या बहिणीनं, हर्णैहून धाडलेली,
सारासाठी.
खारी हवा एका रात्रीत पितळ काळं करते.
सकाळी आमसूल फिरवलं की नावं परत वर यायची,
जहाजांची कंपनी, जिला जहाज नव्हतं,
चहामळ्यांची, जिला डोंगर नव्हता,
एकीचं नाव तर नुसता आकडा.
तीच म्हणे सगळ्यांत श्रीमंत.

तिसऱ्या वर्षी साहेब म्हणाले,
बदरुद्दीन, तुझी सही बरी आहे.
मग मी एकसष्ट कंपन्यांचा संचालक झालो.
पुसायचं काम सुटलं नाही.
एका दुपारी माझ्या सहीनं
कुठल्याशा देशाची साखर कुठल्याशा देशाला गेली.
मला उसाचं कांडंसुद्धा दिसलं नाही.

बेटाचं पोट त्यावरच.
कंपनीमागं वर्षाची फी, फीतून शाळा,
शाळेतून कारकून, कारकुनातून आणखी कंपन्या.
होड्या पालथ्या पडलेल्या, त्यांच्याखाली मांजरी व्यायच्या.
मासळी यायची विमानानं, थिजल्या डोळ्यांची.
बर्फाच्या कारखान्यात आता फायली गार ठेवत.
बेनेडिक्ट म्हणून एक म्हातारा होता, जुना खलाशी.
त्यानं एकदा विचारलं,
तुमच्याकडं समुद्राचं काय करतात?
मी म्हटलं, जाळी टाकतात, आणखी काय.
तो बराच वेळ हसला.
आमच्याकडं तो नुसता मध्ये असतो, म्हणाला,
पैसा आणि विचारणारा, यांच्या मध्ये.

मग कुठल्याशा मोठ्या देशानं
बेटाचं नाव कुठल्याशा यादीत घातलं.
कंपन्या एका दुपारी दुसऱ्या बेटावर गेल्या.
होडीसुद्धा लागली नाही.
पाट्या मीच काढल्या. दर पाटीला चार स्क्रू,
करा हिशेब.
भिंतीवर भोकं राहिली, आणि नर्सबाईंनी सामान बांधलं.

आता संध्याकाळी हर्णैच्या वाळूत उभा असतो.
बैलगाड्या पोटभर पाण्यात, टोपल्या उतरतात,
लिलावाचा आरडाओरडा. रुकय्या बोली लावते,
पापलेट उलटं करून कल्ले बघते.
मी मनात म्हणालो, हे बरं, इथं
ज्याचा मासा तो गुडघाभर पाण्यात उभा आहे.
मग कळलं, बोट बायकोच्या नावावर,
डिझेल मेहुण्याच्या कार्डावर,
आणि मेहुणा दहा वर्षं कुवेतला.
मला हसू आलं. ओळखीच्या माणसाला बघून येतं तसं.

काल दापोलीचा एक वकील आला,
गाडी लांब लावून, बूट हातात घेऊन.
सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, म्हणाला, तुम्ही शेतकरी.
वरच्या सड्यावर एक पार्टी जागा बघतेय,
पार्टी शेतकरी नाही.
तुम्ही फक्त नावापुरते.
पार्टी कोण, विचारलं. तो समुद्राकडं बघत राहिला.
तिकडं सुवर्णदुर्ग, चारी बाजूंनी पाणी,
आत कुणी नाही, दारावर पाटी नाही.
वाटलं, हे बेट अजून कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही?
लगेच माझीच मला शरम वाटली. थोडीशी.

एक पाटी मी येताना आणली होती, ती आकड्याची.
रुकय्या तिच्यावर लसूण ठेचते.
वकिलाचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून
रात्री तीच ठेवली वर, लसणाच्या वासासकट.

खालची रेघ अजून कोरी आहे.
पाटी पुन्हा काळी पडलीय.
आमसुलं मागितली तर रुकय्या आतून म्हणते,
यंदा रातांबे कमी आले,
आहेत तेवढी सारालाच.